अकिनफेन्वाला फुटबॉलर म्हणून मोजा

आपल्याकडे रात्र रात्र जागून प्रीमियर लीग बघणाऱ्या पोरांमध्ये इंग्लंडच्या खालच्या लीगमधला स्ट्रायकर अडेबायो अकिनफेन्वाचं नाव निघालं की दोन ठरलेल्या बाजू पडतात. एक बाजू म्हणते, अरे तो जाड्या ना, फिफा गेममध्ये ताकदीचा आकडा सगळ्यात वर म्हणून फेमस झाला, तिसऱ्या-चौथ्या डिव्हिजनचा प्लेयर, त्याचं एवढं काय घेऊन बसलात. दुसरी बाजू लगेच भावुक होते, टॅलेंट कमी होतं म्हणून काय झालं, जिद्द बघा, शंभर किलोच्या वर वजन असून वीस वर्षं खेळला, शिका काहीतरी. मला दोन्ही बाजू पटत नाहीत आणि खरं सांगायचं तर दुसरी जास्त खटकते, कारण कौतुकाच्या आडून तीसुद्धा हेच म्हणत असते की हा माणूस खरा फुटबॉलर नव्हताच, फक्त मनाने मोठा होता. माझं म्हणणं असं आहे की अकिनफेन्वा स्वतःच्या कामात पक्का मुरलेला, डोक्याने खेळणारा स्ट्रायकर होता, ते काम खालच्या लीगमधल्या सगळ्यात अवघड कामांपैकी एक आहे, आणि खालची लीग म्हणजे वरच्या लीगमध्ये नापास झालेल्यांची तुकडी ही जी समजूत आपण टीव्हीवरनं उचलली आहे तीच मुळात चुकीची आहे. ती समजूत डोक्यातनं काढल्याशिवाय या माणसाचं करिअर नीट वाचताच येत नाही.

आधी ते करिअर तरी बघू, कारण वाद घालणाऱ्या बहुतेकांना त्यातला लिव्हरपूलविरुद्धचा गोल सोडून काही माहीत नसतं. १९८२ मध्ये लंडनच्या इस्लिंग्टनमध्ये जन्म, आईवडील नायजेरियन. वॉटफर्डच्या युथमध्ये होता, तिथे पुढे काही जमलं नाही आणि विशीही गाठली नव्हती तेव्हा तो थेट लिथुआनियाला गेला, क्लायपेडा शहरातल्या अटलांटास क्लबकडे. तिथे स्टँडमधनं काळ्या रंगावरनं उघड घोषणा ऐकत खेळायचं, भाषा येत नाही, घर लांब. तरी तो टिकला आणि २००१ ची लिथुआनियन कपची फायनल त्याच्याच गोलवर क्लबने जिंकली. परत आल्यावर वेल्समधलं बॅरी टाऊन, आणि मग २००३-०४ च्या एकाच सीझनमध्ये बॉस्टन युनायटेड, लेटन ओरिएंट, रश्डन अँड डायमंड्स, डॉनकास्टर, म्हणजे एकाच वर्षात एवढे क्लब, छोटी छोटी कॉन्ट्रॅक्टं, दर वेळी नवं शहर, नवा मॅनेजर आणि प्रत्येकाच्या डोक्यात पहिला विचार हाच की हा एवढ्या अंगाचा माणूस पळणार कसा. पुढे टॉर्की, मग २००५ ला स्वान्सी. स्वान्सीच्या तेव्हाच्या नव्याकोऱ्या लिबर्टी स्टेडियमवर पहिली अधिकृत मॅच झाली ट्रॅनमिअरविरुद्ध, आणि त्या मैदानावरचा पहिला अधिकृत गोल कोणाचा, तर अकिनफेन्वाचा. त्याच मैदानावर सहा वर्षांनी प्रीमियर लीग आली.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात दमदार मुद्दा आधी मान्य करतो, उगाच टाळण्यात अर्थ नाही. आकडे बघितले तर तो थोर गोल स्कोअरर नव्हता. अख्ख्या करिअरमध्ये दोनशेच्या वर गोल आहेत, पण ते वीसेक वर्षांत आणि बहुतेक तिसऱ्या-चौथ्या पातळीवर. दर सीझनला पंचवीस-तीस गोल मारणारा तो कधीच नव्हता. प्रीमियर लीगमध्ये एक मिनिटही खेळला नाही. त्याच्याहून जास्त गोल मारलेले खालच्या लीगचे स्ट्रायकर आहेत ज्यांची नावं आपल्यातल्या कोणालाही माहीत नाहीत, आणि अकिनफेन्वाचं माहीत आहे, ते का, तर गेममुळे. हॉस्टेलच्या खोलीत प्लेस्टेशनवर त्याला टीममध्ये घ्यायचं आणि डिफेंडरला नुसता धक्का देऊन आडवा करायचा, ही त्याची ओळख पुण्या-मुंबईपर्यंत पोचली, नॉर्दॅम्प्टन टाऊनची मॅच काही पोचली नाही. एवढं सगळं खरं आहे. पण त्यातनं निष्कर्ष काय निघतो? प्रसिद्धी कुठून आली यावरनं खेळ कसा होता हे ठरत नाही. गेममुळे नाव झालं म्हणून मॅनेजर टीममध्ये घेत नाहीत, खालच्या लीगमध्ये तर नाहीच, कारण तिथे एक चुकीचं कॉन्ट्रॅक्ट दिलं तरी क्लबचं वर्षाचं बजेट हलतं. आणि गेममधला आकडा डोक्यावर चढायच्या कितीतरी आधीपासनं त्याला क्लब घेत होते, सोडत होते आणि परत बोलावत होते. नॉर्दॅम्प्टनने दोनदा घेतला, जिलिंगहॅमने दोनदा घेतला. ज्याला एकदा वापरून सोडलाय त्याला परत बोलावून पगार देणारा क्लब भावनेवर चालत नसतो.

मग ते विकत काय घेत होते? इथे गोल मोजण्याच्या सवयीने घोटाळा होतो. जानेवारीतली लीग टूची, म्हणजे चौथ्या पातळीची, मॅच डोळ्यासमोर आणा, मैदान ओलं, मध्ये चिखल, वारा असा की सरळ पास मारावा तर बॉल भलतीकडेच जातो. आपल्या डिफेंडरवर दाब आला की तो लांब मारणार, दुसरा पर्यायच नसतो. तो बॉल जिथे पडतो तिथे गोलकडे पाठ करून एक माणूस उभा असतो आणि त्याच्या पाठीवर सहा फुटाचा सेंटर बॅक चढलेला असतो, कोपर मानेवर, गुडघा मांडीमागे. आता बॉल हवेत असतानाच त्या माणसाला तीन गोष्टी ठरवायच्या असतात, डिफेंडरचं वजन कुठल्या पायावर आहे, आपला जवळचा माणूस कुठल्या बाजूने पळत येतोय आणि रेफरी बघतोय का. अकिनफेन्वा डिफेंडरला ढकलायचा नाही, ढकललं तर फाऊल. तो बॉल यायच्या अर्धा सेकंद आधी मागे सरकायचा, कंबर खाली, हात दोन्ही बाजूंना जरा फाकलेले, म्हणजे डिफेंडरला पुढे यायला वाटच राहायची नाही आणि जोर लावायला जागाही. छातीवर बॉल, मग एक टच, मग दहा फुटांवर पळत आलेल्याला साधा पास. किंवा डिफेंडर वैतागून ओढणार आणि फ्री किक. मॅचच्या सत्तराव्या मिनिटाला एका गोलने पुढे असताना अशी एक फ्री किक म्हणजे मागच्या दमलेल्या चार जणांना श्वास घ्यायला मिळालेलं पाऊण मिनिट, टीम तीस यार्ड वर सरकते आणि समोरच्यांची लय तुटते. यातलं काहीही गोलच्या रकान्यात येत नाही. नुसत्या वजनाने हे जमत असतं तर जिममधल्या कोणालाही उभं करता आलं असतं. हे टायमिंग आहे, अंगाची भूमिती आहे आणि ती वर्षानुवर्षं मार खाऊन शिकावी लागते. म्हणून तर पस्तिशी उलटत असताना, २०१७-१८ ला विकम वाँडरर्ससाठी त्याने लीगमध्ये १७ गोल मारले आणि विकम तिसऱ्या नंबरवर येऊन थेट लीग वनमध्ये, म्हणजे तिसऱ्या पातळीवर, गेले. पळण्याचा वेग कमी झाला असेल, वाचन वाढलं होतं.

यावर लोक लगेच रिकी लॅम्बर्ट आणि जेमी वार्डी काढतात, आणि मुद्दा अगदीच फालतू नाही. इंग्लंडची शिडी उघडी आहे ना? लॅम्बर्टला लिव्हरपूलने पोरवयात सोडलं, बीटाच्या कारखान्यात काम केलं त्याने, मॅकल्सफील्ड, स्टॉकपोर्ट, रॉचडेल, ब्रिस्टल रोव्हर्स करत साउथॅम्प्टनला आला आणि २०१३ ला इंग्लंडकडून पहिल्या मॅचला स्कॉटलंडविरुद्ध मैदानात उतरून पहिल्याच टचला गोल. वार्डी स्टॉक्सब्रिजसारख्या छोट्या क्लबमधनं फ्लीटवुड, तिथनं लेस्टर आणि २०१६ ला प्रीमियर लीग चॅम्पियन. मग, असं हे लोक म्हणतात, ज्याच्यात दम असतो तो वर जातोच, जो गेला नाही त्याच्यात तेवढा दम नव्हता. मान्य, अकिनफेन्वा लॅम्बर्टच्या पातळीचा फिनिशर नव्हता आणि वार्डीसारखा वेग त्याच्याकडे कुठून येणार. पण या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती ही की खालच्या लीगचं काम म्हणजे वरच्यांसाठी माणसं निवडणं. शिडीची किंमत फक्त वर पोचलेल्यावरनं ठरवायची का? प्रीमियर लीगमध्ये क्लब वीस आणि तिच्या खालच्या तीन डिव्हिजनमध्ये बहात्तर. त्या बहात्तर गावांमध्ये आणि उपनगरांत जे लोक दर दुसऱ्या शनिवारी तिकीट काढून जातात ते काय पुढचा वार्डी शोधायला जातात? ते आपली टीम या सीझनला वाचते का बघायला जातात. त्यांच्यासाठी वर निघून गेलेला वार्डी म्हणजे गमावलेला माणूस असतो, क्लबला पैसे मिळतात एवढंच.

आणि वाचणं म्हणजे काय हे समजायला जिमी ग्लासची गोष्ट बघा. मे १९९९, कार्लाइल युनायटेड, फुटबॉल लीगमधनं, म्हणजे चौथ्या पातळीच्याही खाली, बाहेर फेकले जायला काही सेकंद उरलेले, प्लिमथविरुद्ध १-१, आणि स्विंडनकडनं लोनवर आलेला गोलकीपर कॉर्नरला पुढे धावत आला आणि इंज्युरी टाइममध्ये त्याने गोल मारला. कार्लाइल वाचलं. त्याच क्षणी तिकडे स्कारबरोचं लीगमधलं स्थान गेलं, आणि तो क्लब पुन्हा कधी वर आलाच नाही, २००७ मध्ये बंद पडला. एका गोलकीपरची एक किक, आणि एका शहरात क्लब टिकला, दुसऱ्या शहरात आठ वर्षांत संपला. ग्लासच्या करिअरला आकड्यांनी मोजा बघू. २०१९ मध्ये बरी नावाच्या क्लबला लीगमधनं काढून टाकलं, १८८५ चा क्लब, पैशाच्या भानगडीत गेला, आणि तिथल्या लोकांनी स्टेडियमच्या दाराशी जे रडणं केलं ते बघून ज्याला वाटतं की तिसऱ्या डिव्हिजनच्या फुटबॉलला काय एवढी किंमत, त्याच्याशी मी वाद घालणं सोडून देईन.

अकिनफेन्वाच्या २०१६ च्या पेनल्टीचं वजन या हिशोबात मोजावं लागतं. त्याआधी २००६ आठवा. कार्डिफमध्ये प्लेऑफ फायनल, म्हणजे वरच्या डिव्हिजनमधल्या शेवटच्या जागेसाठीची मॅच, स्वान्सी विरुद्ध बार्न्सली, २-२, पेनल्टी शूटआउट, अकिनफेन्वाची पेनल्टी हुकली आणि स्वान्सी हरले. पुढच्या वर्षी पाय मोडला, स्वान्सी सुटलं आणि मग काही महिने क्लबच नाही, शेवटी मिलवॉल. २०१३ ला नॉर्दॅम्प्टनबरोबर वेम्ब्लीवर परत प्लेऑफ फायनल, ब्रॅडफर्डने ३-० ने धुतलं. आणि मग ३० मे २०१६, एएफसी विम्बल्डन विरुद्ध प्लिमथ. हा विम्बल्डन क्लब कुठला, तर मूळ क्लब उचलून मिल्टन कीन्सला नेण्याची परवानगी मिळाल्यावर २००२ मध्ये फॅननी स्वतः उभा केलेला, खेळाडू निवडायला चक्क सार्वजनिक मैदानावर ट्रायल घेतलेला, नवव्या पातळीपासनं एक एक पायरी चढत २०११ ला फुटबॉल लीगमध्ये आलेला. प्लिमथविरुद्ध १-० ने पुढे असताना इंज्युरी टाइममध्ये पेनल्टी मिळाली. कोण मारणार यावरनं मैदानातच थोडी बाचाबाची, आणि अकिनफेन्वाने बॉल घेतला. दहा वर्षांपूर्वी अशाच फायनलला हुकलेला माणूस, चौतिसावं वर्ष, क्लबकडचं कॉन्ट्रॅक्ट संपलेलं. गोल. त्या निकालाने विम्बल्डन लीग वनमध्ये गेले, आणि त्याच वर्षी खाली घसरून तिथेच कोण आलं होतं, तर मिल्टन कीन्सचा क्लब. ज्यांचा क्लब पळवला होता ते चौदा वर्षांत पळवणाऱ्यांच्या बरोबरीला येऊन उभे राहिले. एवढा अर्थ प्रीमियर लीगच्या किती गोलना असतो? मॅचनंतर टीव्हीवर तो हसत हसत म्हणाला की मी आता बेरोजगार आहे, मॅनेजर लोकांनो व्हॉट्सअॅप करा. आपल्याकडे तेवढीच क्लिप पोचली, पेनल्टीमागची दहा वर्षं पोचली नाहीत. लिव्हरपूलविरुद्धचा जानेवारी २०१५ चा एफए कपमधला गोल भारी होताच, तो स्वतः लिव्हरपूलचा फॅन, समोर लिव्हरपूलचा कॅप्टन जेरार्ड, कॉर्नरवर गडबड झाली आणि त्याने जवळनं बॉल ढकलला, विम्बल्डन २-१ ने हरले. पण त्याच्या करिअरचा कळस म्हणून तो गोल दाखवणं म्हणजे परत मोठ्या क्लबच्याच उजेडात त्याला बघणं झालं.

इंग्लंडमध्येही ही गफलत जुनीच आहे. तिथले फॅन ज्यांना डोक्यावर घेतात त्यांची एक परंपरा आहे, आणि तिचा मोठा देव म्हणजे रॉबिन फ्रायडे, सत्तरच्या दशकात रेडिंगकडनं खेळलेला, अफाट गुणी, दारू आणि ड्रग्जमध्ये बुडालेला, १९९० मध्ये अडतिसाव्या वर्षी गेला. त्याच्यावर प्रेम करताना लोक जे वाया गेलं त्याच्यावर प्रेम करतात, काय झाला असता तो, असं म्हणत. आपणही वेगळं करत नाही. पद्माकर शिवलकरांचं नाव घेतलं की फर्स्ट क्लासच्या ५८९ विकेट सांगायच्या आणि पुढचं वाक्य ठरलेलं, एकही टेस्ट मिळाली नाही हो. अन्याय झालाच, नाकारत नाहीच, पण मुंबईसाठी टाकलेल्या त्या हजारो ओव्हर्स आपल्या बोलण्यात फक्त न मिळालेल्या टेस्टची प्रस्तावना होऊन बसल्या. आपल्याकडे खेळाडूसाठी खाने किती, तर स्टार, वाया गेलेला आणि अन्याय झालेला. अकिनफेन्वा तिन्हींत बसत नाही. त्याचं काही वाया गेलं नाही, त्याला कोणी डावललं असं तोही म्हणत नाही, आणि जेवढं होतं तेवढं सगळं त्याने चाळीस वर्षांचा होईपर्यंत वापरलं. अशा माणसाबद्दल बोलायला आपल्याकडे तयार वाक्य नाही, म्हणून मग आपण वजनावर येतो.

वजनाबद्दलचा आक्षेपही ऐकून घेऊ. लोक म्हणतात त्याने स्वतःच शरीराचा ब्रँड केला, ‘बीस्ट मोड ऑन’ म्हणून कपडे विकले, मग लोक शरीराबद्दल बोलले तर बिघडलं कुठे. केला ब्रँड, नाकारायचं कशाला. पण जो माणूस विशीपासनं प्रत्येक दारात ऐकतोय की तू फुटबॉलसाठी फार मोठा आहेस, शिवाय खालच्या लीगमध्ये कॉन्ट्रॅक्ट एक-दोन वर्षांचं, पाय मोडला तर पुढचा पगार कोण देणार याची खात्री नाही, त्याने टोमण्याचाच धंदा केला तर ती समज आहे. त्याने विकलं ते त्याचं स्वतःचं होतं. आपण हसतो तेव्हा आपण त्याच्या शरीरावर हसतो आणि त्या शरीराने केलेलं काम बघत नाही, हा फरक आहे. धावपटूच्या अंगाचा नसलेला माणूस मैदानात दिसला की तो विनोदच, असं आपल्याला कोणी शिकवलं?

एक आक्षेप उरतो, तो जाणकारांचा. ते म्हणतात, ठीक आहे, काम अवघड होतं, पण ते कुरूप फुटबॉल होतं, लांब मार, अंगावर घे, वेळ काढ, आता खालच्या लीगमध्येही छोटे पास खेळणाऱ्या टीम आहेत, अकिनफेन्वाचं कौतुक म्हणजे मागासपणाचं कौतुक. मी विकमकडे बोट दाखवतो. हाय विकम म्हणजे खुर्च्या बनवणारं गाव, टीमचं टोपणनावच चेअरबॉइज, मैदानात जेमतेम दहा हजार माणूस मावतो. २०१४ ला हा क्लब शेवटच्या दिवशी फक्त गोल फरकावर फुटबॉल लीगमध्ये टिकला होता. मॅनेजर गॅरेथ एन्सवर्थकडे पैसे नव्हते, दुसऱ्यांनी नको म्हटलेले खेळाडू होते, आणि त्याने टीम बांधली ती ज्यांच्याकडे जे आहे त्याच्याभोवती, जो जेकबसनचा डावा पाय आणि त्याचे कॉर्नर, पुढे अकिनफेन्वाची पाठ. २०२० ला कोविडने सीझन मध्येच थांबला तेव्हा ते आठव्या नंबरवर होते, दर मॅचमागे पॉइंटच्या हिशोबाने तिसरे झाले, यावर त्याच हिशोबात प्लेऑफबाहेर गेलेले पीटरबरोवाले चिडले आणि त्यांचं चिडणं मी समजू शकतो, पण पुढे प्लेऑफ तर खेळूनच जिंकावे लागले, रिकाम्या वेम्ब्लीवर ऑक्सफर्डला २-१ ने हरवून क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या पातळीवर. लिव्हरपूलचा तेव्हाचा मॅनेजर क्लॉपने अकिनफेन्वाला अभिनंदनाचा व्हिडिओ पाठवला, तीच क्लिप फिरली. पुढच्या सीझनला ४३ पॉइंट घेऊन ते खाली आले, ४४ वाले डर्बी वाचले. सहा वर्षांत लीगच्या तळापासनं दुसऱ्या पातळीपर्यंत, आणि एका पॉइंटने तिथून खाली, हे मागास फुटबॉल असेल तर छोट्या क्लबने पुढारलेलं फुटबॉल कुठल्या पैशाने खेळायचं ते सांगा. सुंदर पासिंग करणारा सेंटर बॅक विकत घ्यावा लागतो, तो घडवला तर वरचा क्लब उचलून नेतो.

आणि हा पैशाचा प्रश्न त्याच्या करिअरपासनं वेगळा काढता येत नाही. प्रीमियर लीगमधनं खाली आलेल्या क्लबना पॅराशूट पेमेंट म्हणून तीन वर्षांपर्यंत मोठी रक्कम मिळत राहते, आणि त्यांच्याच बरोबर त्याच डिव्हिजनमध्ये विकमसारखा क्लब तिकीटविक्रीवर खेळतो. खालच्या लीगने वर्षानुवर्षं मागितलंय की टीव्हीच्या एकत्र पैशातला २५ टक्के हिस्सा खाली द्या, प्रीमियर लीग तयार नाही, आणि शेवटी २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेला फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक आणणारा कायदा करावा लागला. त्या वादात प्रीमियर लीगची बाजू घेणाऱ्यांचा युक्तिवाद ऐका, पैसा आम्ही कमावतो, लोक आम्हाला बघतात, खालच्यांना कशाला. हा तोच युक्तिवाद आहे जो आपल्याकडची पोरं अकिनफेन्वाबद्दल करतात, जो टीव्हीवर दिसत नाही त्याची किंमत नाही, फक्त इथे तो गंमत म्हणून केला जातो आणि तिथे त्याच्यावर बहात्तर क्लबचं भवितव्य ठरतं. २१ मे २०२२ ला चाळीस वर्षांचा अकिनफेन्वा वेम्ब्लीवर शेवटची मॅच खेळला, लीग वनची प्लेऑफ फायनल, सुंदरलंडने २-० ने हरवलं. सुंदरलंड तीन वर्षांत प्रीमियर लीगमध्ये पोचले, त्यांच्याकडे स्टेडियम आहे, शहर आहे, फॅनचा सागर आहे. विकमकडे त्या दिवशी एक संपलेलं करिअर होतं आणि पुढच्या सीझनला गोलकडे पाठ करून उभा राहणारा नवा माणूस शोधायचा होता, मोफत मिळाला तर बरं अशा बजेटमध्ये.